पायी गडावर जायचंय? पाय संक्रांतीपासून तयार करा

दर चैत्रात मला तेच फोन येतात. मालेगावच्या अलीकडच्या कुठल्यातरी झाडाखालून, प्रवासाच्या दुसऱ्या दुपारी. "सर, टाचेला फोड आलाय, काय लावू?" "सर, मांड्या इतक्या भरून आल्यात की खाली बसता येत नाही." फोन करणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले, एरवी धडधाकट. गुढीपाडव्याला ठरवतात, दुसऱ्या दिवशी नवे बूट आणतात आणि आठवड्याभरात मंडळाबरोबर वणीच्या सप्तशृंगी देवीच्या गडाची वाट धरतात. तयारी काय केली असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "मायच माले लई जाई." म्हणजे देवी आईच मला नेईल.

मीही त्या मायचाच आहे. धुळ्यात लोकांना व्यायाम शिकवणं हा माझा व्यवसाय आहे आणि गडाची पायी वाट मी स्वतः चाललेलो आहे. पहिल्या खेपेला मीही नवे बूट घालून निघालो होतो आणि तिसऱ्या दिवशी मंडळाच्या गाडीत बसून रडलो होतो. त्यानंतर मी एक गोष्ट पक्की धरली. देवीला शब्द ज्या दिवशी दिला, त्या दिवसापासून तो पाळायचा. निघण्याच्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही. पहाटे उठून चाललेला प्रत्येक किलोमीटर त्या नवसातलाच असतो.

आधी अंतराचा अंदाज घ्या. धुळ्याहून मालेगाव सुमारे ५० किलोमीटर. तिथून पुढे देवळा, कळवण, नांदुरी आणि मग गडाचा घाट. बहुतेक मंडळं हे चार-पाच दिवसांत करतात, म्हणजे रोज तीसेक किलोमीटर. जळगावकरांना धुळ्यापर्यंतच ९० किलोमीटरच्या आसपास पडतात, भुसावळकरांना त्याहून जास्त. यात्रा चैत्र पौर्णिमेची, आणि ती बहुतेक वेळा एप्रिलमध्ये येते. तिथून बारा आठवडे मागे मोजलं की आपण संक्रांतीपाशी येतो. सुरुवात तिथे करायची. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चुका बहुतेक वेळा क्रमातच होतात.

## टप्पा १: संकल्प कागदावर उतरवा

"यंदा पायी जायचं" एवढं मनात म्हणून भागत नाही. एका कागदावर चार गोष्टी लिहा: कशासाठी जातोय, कोणाबरोबर जातोय, रोज किती वाजता चालणार, आणि चालायला जमलं नाही तर त्या दिवशी काय करणार. कागद देव्हाऱ्याशेजारी लावा. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच लोक लिहीत नाहीत. शेतात पाणी भरायची पाळी रात्रीची आली, दुकानात माल उतरला, लेकरू आजारी पडलं, की पहिला दिवस बुडतो. पर्याय आधी ठरलेला नसला तर पाठोपाठ दुसरा बुडतो आणि तिसऱ्या दिवशी संकल्पच मोडलासा वाटू लागतो.

पर्याय लहान ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी लिहिलं होतं, "जमलं नाही तर रात्री जेवणानंतर गल्लीत दहा मिनिटं." त्या बारा आठवड्यांत एकदाही सलग दोन दिवस घरी बसल्या नाहीत.

वेळ ठरवताना ती रोजच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला जोडा. देवापुढे दिवा लावला की थेट बूट. मध्ये चहा, मोबाइल, पेपर काही नको. उत्साह कधी असतो, कधी नसतो. दिवा मात्र रोज लागतो, म्हणून चालणं दिव्याला बांधून टाका.

तपासा: कागदावर चारही ओळी आहेत का? चौथी रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: डॉक्टर आणि अर्ध्या तासाची परीक्षा

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, छातीत कधी दुखलं असेल, गुडघ्याची तक्रार असेल, तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. नुसतं "चालू का?" असं विचारू नका. नेमकं सांगा: "एप्रिलच्या उन्हात रोज तीस किलोमीटर, चार-पाच दिवस चालायचंय." या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी असतात. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर इतक्या चालण्याने साखर एकदम खाली येऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि उन्हात पाणी आणखी कमी होतं. डोस बदलायचा की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं. श्रद्धेच्या जोरावर गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. असं कृपा करून करू नका.

मग सपाट रस्त्यावर अर्धा तास चाला. जळगावकरांना मेहरूण तलावाचा काठ आहे, धुळेकरांना नकाणे तलावाकडचा रस्ता आहे, गावातल्यांना शेताची वाट आहे. अर्ध्या तासात किती अंतर झालं ते लिहून ठेवा. दोन-अडीच किलोमीटर झालं तरी सुरुवातीला पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाय कुठे दुखतात तेही टिपा. पोटऱ्या थोड्या जड वाटणं ठीक आहे. गुडघ्यात किंवा टाचेत टोचल्यासारखं होत असेल तर ते दाखवून घ्या.

## टप्पा ३: बूट आत्ताच घ्या

हा टप्पा मी मुद्दाम चालण्याच्या आधी ठेवला आहे. बूट शेवटी घेतले की सगळं बिघडतं.

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाऊल थोडं फुगतं आणि वाटेत ते आणखी फुगणार आहे. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ज्या मोज्यांत चालणार तेच मोजे नेऊन बूट घालून बघा. निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासते आणि फोड येतात. खेळाच्या दुकानात मिळणारे मिश्र धाग्याचे, घाम लवकर सुकणारे मोजे घ्या, निदान चार जोड. महागाचा बूट लागतोच असं नाही. पायाला बसणारा आणि निघण्याआधी निदान शंभर किलोमीटर चाललेला बूट लागतो. सँडलमध्ये सवय असेल तर सँडलही चालेल, फक्त सरावसुद्धा त्याच सँडलमध्ये करायचा.

अनवाणी जाण्याचा नवस असेल तर त्याची तयारी वेगळी आहे. पहिल्या आठवड्यापासून रोज पाच-दहा मिनिटं अनवाणी चाला, आधी मातीवर, मग सकाळच्या गार डांबरावर. वेळ अगदी सावकाश वाढवा. बारा आठवड्यांत तळव्याची कातडी घट्ट होते. एप्रिलमधल्या दुपारच्या डांबरापुढे मात्र कुठलीच कातडी टिकत नाही.

सावधान: अनवाणी चालणाऱ्यांनी पाऊल टाकण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून बघावी. पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर तो रस्ता तुमच्या पायांसाठी नाही. साखरेच्या रुग्णांनी अनवाणी जाऊ नये. त्यांच्या तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते, मग भाजलेलं कळतही नाही आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. नवस बोलून बसला असाल तर घरातल्या मोठ्यांशी, पुजाऱ्यांशी बोला आणि गडाच्या शेवटच्या पायऱ्या अनवाणी चढा. आई लेकराच्या पायाला भाजलेलं मागत नसते.

## टप्पा ४: बारा आठवड्यांचं चालणं

आठवड्यात पाच दिवस चालायचं, दोन दिवस पायांना विश्रांती. चार दिवस छोटी चाल आणि एक दिवस, बहुधा रविवारी, लांब चाल. छोटी चाल पहिल्या दोन आठवड्यांत अर्ध्या तासाची, पुढे पाऊण तासाची, सातव्या आठवड्यापासून एक तासाची. तिच्यावर जास्त डोकं लढवू नका. खरी तयारी रविवारची.

लांब चाल अशी वाढवा:

१. पहिला आठवडा ५ किलोमीटर, दुसरा ६, तिसरा ८.
२. चौथ्यात मागे या: ६.
३. पाचवा १०, सहावा १२, सातवा १४.
४. आठव्यात पुन्हा मागे: १०.
५. नववा: शनिवारी १६ आणि रविवारी १०.
६. दहावा: १९ आणि १२.
७. अकरावा: २२ आणि १५.
८. बारावा: फक्त छोट्या चाली, त्याही अर्ध्या.

लोक या यादीत दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक म्हणजे चौथा आणि आठवा आठवडा वगळणं. "अंगात जोर आलाय, मग कमी कशाला?" असं वाटतं. स्नायू लवकर तयार होतात, पण टाचेमागची शीर, गुडघ्याचे बंध, पावलाची हाडं यांना वेळ लागतो. जोर आलाय असं वाटतं तेव्हाच ही मागची मंडळी ताणलेली असतात. मागे येण्याचे दोन आठवडे त्यांच्यासाठी आहेत. दुसरी चूक म्हणजे शनिवार-रविवार जोडून न चालणं. गडाच्या वाटेवर पहिल्या दिवशी कोणीच मोडत नाही. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या पहाटे उठून परत चालणं, ही खरी परीक्षा असते. ती आधी घरी देऊन बघायची.

मला नेहमी विचारतात, "सर, रोज तीस चालायचेत, मग सराव बावीसवरच का थांबवायचा?" कारण वाटेवर तीस किलोमीटर तुम्ही सकाळ-संध्याकाळ असे दोन तुकड्यांत चालणार आहात, मध्ये सातेक तास सावलीत पडणार आहात. सरावात एकदम तीस केले तर पुढचे चार-पाच दिवस सावरण्यात जातात आणि दुखापतीची शक्यता वाढते.

नवव्या आठवड्यापासून एखादी लांब चाल चढावर करा. धुळेकरांना महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. यावल-चोपड्याकडच्यांना मनुदेवीकडची सातपुड्याची वाट आहे, चाळीसगावकरांना पाटणादेवीचा डोंगर. शहाद्याकडचे तोरणमाळच्या घाटात जाऊ शकतात. चढण्यापेक्षा उतरण्यावर जास्त लक्ष द्या. मांड्या भरून येतात त्या उतारावर.

तपासा: वेग बरोबर आहे का हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना देवीचा जप करा. जप न तुटता सहज होत असेल तर वेग योग्य. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. मी सगळ्यांना हेच शिकवतो. मनगटावरच्या पट्टीतला आकडा चुकू शकतो, तुटलेला जप चुकत नाही. शिवाय मन एका ठिकाणी राहतं, आणि बारा आठवड्यांनी पाऊल पडलं की नाम आपोआप येऊ लागतं. तिसऱ्या दिवशी कळवणच्या अलीकडे जेव्हा सगळे गप्प होतात, तेव्हा ही सवय तुम्हाला पुढे नेते.

## टप्पा ५: आठवड्यातून दोनदा ताकद

जिममध्ये नाव घालायची गरज नाही. घरात भिंत, खुर्ची आणि एक पायरी एवढं पुरतं. छोट्या चालीच्या दोन दिवशी, चालून आल्यावर वीस मिनिटं:

१. खुर्चीवर बसणं-उठणं, हाताचा आधार न घेता. १० वेळा, तीन फेऱ्या.
२. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. १५ वेळा, तीन फेऱ्या. खाली येताना तीन मोजत सावकाश या.
३. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. १२ वेळा, दोन फेऱ्या.
४. पायरीवर चढून सावकाश उतरणं, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. पाचव्या आठवड्यापासून.

सहाव्या आठवड्यापासून हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्या. जोर-बैठकांची जुनी सवय असणाऱ्यांनी बैठका चालू ठेवाव्यात, फक्त लांब चालीच्या आदल्या दिवशी नको.

## टप्पा ६: पाचव्या-सहाव्या आठवड्यात मन बसतं, तेव्हा

हे सगळ्यांचं होतं. पहिल्या महिन्याचा हुरूप सरलेला असतो, चैत्र अजून लांब असतो. लग्नसराई असते, हरभरा-गहू काढणीला आलेला असतो. माझ्याकडे नाव घालणाऱ्यांपैकी सर्वाधिक लोक याच आठवड्यांत गळतात. म्हणून याला मी वेगळा टप्पा धरतो.

पहिलं काम म्हणजे "मन लागत नाही" याला देवीचा संकेत समजू नका. कंटाळा हा कंटाळाच असतो. मन लागेपर्यंत थांबलात तर चैत्र निघून जाईल. बूट घाला, दाराबाहेर पडा आणि पाचच मिनिटं चाला. पाच मिनिटांनी खरंच परतावंसं वाटलं तर परत या, तो दिवस मी झालेला धरतो. बहुतेक जण परतत नाहीत.

दुसरं, एक दिवस बुडाला तर चालतो, सलग दोन बुडू द्यायचे नाहीत. आणि बुडालेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायचं नाही. प्रायश्चित्त म्हणून केलेल्या दुप्पट चालीनेच पोटरी धरते. चुकलं, हात जोडले, आजचं आज करायचं.

तिसरं, सोबती. एकट्याने बारा आठवडे काढणारे विरळा. गल्लीतला, गावातला एक माणूस धरा, जो पहाटे तुमच्या दाराशी येऊन उभा राहील. बायकांना मी हे आग्रहाने सांगतो. घरचा डबा, पाणी, लेकरांची शाळा यात पहाटेचा तास एकटीला काढता येत नाही, पण चौघी मिळून निघाल्या की घरचेही तो तास मानतात. घरातल्या पुरुषांना माझं सांगणं आहे, की आई किंवा बायको चालायला गेली तर त्या तासात पाणी तुम्ही भरा. तिच्या नवसातला तेवढा वाटा तुमचा.

आणि कागदावरची पहिली ओळ रोज मोठ्याने वाचा. कोणासाठी, कशासाठी निघालोय हे कानावर पडलं की अंथरूण सोडणं थोडं सोपं जातं.

तपासा: सहाव्या आठवड्याच्या शेवटी दिनदर्शिकेवर चालल्याच्या खुणा मोजा. तीसपैकी चोवीस किंवा जास्त असतील तर तुम्ही वाटेवर आहात. पंधराच्या आत असतील तर यंदा सगळं अंतर पायी चालायचा हट्ट सोडा. कळवणपर्यंत एसटीने जा आणि तिथून पुढे चाला. पुढच्या वर्षीची तयारी तिथूनच सुरू होते.

## टप्पा ७: उन्हाची सवय आणि पाणी

खान्देशातला एप्रिल तुम्हाला सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर जातो. पहाटे गारव्यात केलेला सराव शरीराला उन्हासाठी तयार करत नाही. त्यासाठी साधारण दहा-चौदा दिवस लागतात. दहाव्या आणि अकराव्या आठवड्यात छोट्या चाली सकाळी नऊच्या सुमाराला करा, डोक्याला रुमाल किंवा टोपी बांधून. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग रोज थोडं वाढवत पाऊण तास. दुपारी बाराला निघून मर्दुमकी दाखवायची नाही. या दिवसांत घाम लवकर सुटू लागेल. ते चांगलं लक्षण आहे.

पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट-घोट प्या. उन्हात तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास धरा. तासभर कोरडं राहून एकदम बाटली रिकामी केली की पोट डुचमळतं. दुसरी चूक म्हणजे दिवसभर नुसतंच पाणी पिणं. घामातून मीठ जातं आणि नुसत्या पाण्याने रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. दर दोन तासांनी ओआरएस घ्या. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तसंच. अंदाजाने घट्ट करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. रक्तदाब किंवा साखर असणाऱ्यांनी याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती कोणी बोलत नाही. वाटेवर स्वच्छतागृह नाही म्हणून कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना चक्कर येते किंवा लघवीची जळजळ सुरू होते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी वाट ठरवतानाच पेट्रोल पंप, शाळा, मंगल कार्यालयं यांच्याशी आधी बोलून दर सात-आठ किलोमीटरला बायकांची सोय ठरवावी. झेंडा, रथ, बॅनर यांच्याआधी हे काम.

सावधान: कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, तीर्थसुद्धा नाही.

## टप्पा ८: शेवटचे दहा दिवस

या दिवसांत नवीन काही करायचं नाही. नवा बूट नको, नवा मोजा नको, नवं तेल नको. चाली अर्ध्यावर आणा. पाय सुस्तावल्यासारखे वाटतील, घाबरू नका. झोप वाढवा. पायाची नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापा, सरळ आणि फार खोल नाही.

उपवासाचं आधीच ठरवा. चैत्री नवरात्राचे उपवास धरून चालणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवसभर चहा आणि संध्याकाळी तेलकट साबुदाणा. भगर, राजगिरा, उकडलेली रताळी, शेंगदाणा-गूळ आणि आपली जळगावची केळी, हे दर दोन तासांनी थोडं थोडं खा. उपवास नसेल तर दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वरण, ताक. सरावाच्या लांब चालींना जे पचलं तेच वाटेवर खायचं.

पाठीवरची पिशवी तीन किलोच्या आत ठेवा. मोज्यांचे दोन जोड, टॉवेल, पायाला लावायचं व्हॅसलीन, चिकटपट्टी, ओआरएस, रोजच्या गोळ्या, शिट्टी, बॅटरी, आणि पाठीवर चमकणारी पट्टी. गोळ्या आणि आधार कार्डाची प्रत मंडळाच्या गाडीत टाकू नका. गाडी नेमकी हवी तेव्हा चार किलोमीटर पुढे असते.

## टप्पा ९: वाटेवरचा दिवस

पहाटे चारला निघा, साडेनऊ-दहाला थांबा. एवढ्यात वीस किलोमीटर होतात. दुपारभर सावली. संध्याकाळी पाचनंतर उरलेले दहा. पहिल्या दिवशी ताशे, डीजे आणि जयघोषात सगळे पळतात. तुम्ही जपाच्या वेगाने चाला. पुढे गेलेले मालेगावला भेटतीलच.

निघण्याआधी बोटांच्या बेचक्यात, टाचेला आणि जांघेत व्हॅसलीन लावा. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं उंचावर ठेवा आणि मोजे बदला. पायात कुठेही चटका जाणवला की लगेच थांबा, पुढच्या थांब्यापर्यंत नाही. त्याच क्षणी तिथे चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही.

फोड आलाच तर कातडी कापू नका. सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, ती सोडा. दोऱ्यावाटे घाण आत जाते. मोठा फोड वाटेवरच्या आरोग्य पथकाकडून स्वच्छ करून घ्या. दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी, उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना घेऊ नका. अशा गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने, एकामागे एक चाला. कानात हेडफोन नको. अंधारात पुढच्याच्या आणि शेवटच्याच्या हातात बॅटरी हवीच.

भंडाऱ्यात प्रेमाने वाढतात आणि नाही म्हणवत नाही. अर्धं पोट जेवा, उरलेलं बांधून घ्या. तिखट शेवभाजी रात्रीच्या मुक्कामाला, चालण्याआधी नाही.

तपासा: रात्री झोपण्याआधी लघवीचा रंग बघा. गडद पिवळा असेल तर ओआरएस घेऊनच झोपा. एका पायाने लंगडत असाल तर सकाळी गाडीत बसा. लंगडत चाललेले दहा किलोमीटर दुसऱ्या गुडघ्यालाही घेऊन बसतात. गाडीत बसलेल्या माणसाचा नमस्कार देवीला कमी पोहोचत नाही.

## टप्पा १०: नांदुरी ते मंदिर, आणि परत खाली

नांदुरीला पोहोचल्यावर पोहोचलोच असं वाटतं. अजून सुमारे दहा किलोमीटरचा घाट आणि वर पाचशेच्या आसपास पायऱ्या शिल्लक असतात. नांदुरीला निदान दोन तास थांबा, खा, मोजे बदला. यात्रेच्या काळात खासगी गाड्या साधारणपणे खालीच थांबवतात आणि वर एसटी धावते, त्यामुळे मंडळाच्या गाडीवर विसंबू नका. कोरडे कपडे आणि गोळ्या अंगावर घ्या.

घाटात पावलं लहान टाका, तळवा पूर्ण टेकवा. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागेल, तिथे टाचा वर-खाली करत राहा, नाहीतर पायात गोळे येतात. पायऱ्या चढवत नसतील तर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. तिने जाण्यात कमीपणा नाही.

उतरताना सगळ्यात जास्त लोक लचकतात. दर्शन झालेलं असतं, डोळे भरलेले असतात, पायांकडे लक्ष नसतं. कठड्याला धरून, गुडघे किंचित वाकवून, एकेक पायरी.

## टप्पा ११: घरी आल्यावर

आल्या आल्या दोन दिवस नुसतं पडून राहू नका, पाय आखडतात. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला. फोड रोज साबण-पाण्याने धुवा. लाली पसरत असेल, पू आला असेल किंवा ताप आला असेल तर डॉक्टर. पोटरी एकाच पायाची सुजली आणि दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आठवड्याने पुन्हा दिवा लावून बूट घाला, अर्ध्या तासासाठी. देव्हाऱ्याशेजारचा कागद काढू नका. त्याच्या मागच्या बाजूला वाटेत काय चुकलं ते लिहा: कुठला मोजा घासला, कुठे पाणी संपलं, कुठल्या थांब्यावर सावली नव्हती. पुढच्या संक्रांतीला मंडळाची बैठक बसेल तेव्हा तो कागद सोबत न्या.